अक्काची गोळी आणि आपलं कोलेस्टेरॉल

मंडळी, यावेळी जरा माझ्या अंगणाबाहेरचा विषय. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, 33 वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई. औषधांवर लिहायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. पण आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले दोन महिने एका गोळीवरून रणधुमाळी चालली आहे आणि दोन्ही पक्ष "मावशी, तूच सांग" म्हणून मला मध्ये ओढताहेत. एकेकाला फोनवर सांगून घसा बसला. तेव्हा एकदाच सगळं इथे लिहून टाकते. ब्लॉगवरच्या नेहमीच्या वाचकांनी आमचं घरचं भांडण चव्हाट्यावर आलं म्हणून हसू नये. तुमच्याही घरातल्या औषधांच्या डब्यात ही गोळी असणार, पैज लावते.

गोळी कोलेस्टेरॉलची. स्टॅटिन म्हणतात त्या जातीतली. माझी थोरली बहीण, आमची अक्का, आता 81 वर्षांची आहे. 11 वर्षांपूर्वी तिची अँजिओप्लास्टी झाली तेव्हापासून ॲटोरव्हास्टॅटिन चालू आहे. तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. अक्काचा धाकटा न्यू जर्सीत असतो. त्याचं म्हणणं, ही गोळी घेणाऱ्यांना अल्झायमर 70 टक्के कमी होतो असं संशोधन आहे, तर आईचा डोस वाढवा. लेक पुण्यात. तिचं म्हणणं, मेंदू कोलेस्टेरॉलचाच बनलेला असतो, गोळी तेच काढून घेते, त्यामुळेच आईचं विस्मरण वाढलं, तर आजच्या आज बंद करा. दोघांकडे पुरावे म्हणून पाठवायला भरपूर लिंका आहेत. कोल्हापूरचा थोरला, जो रोज प्रत्यक्ष ती गोळी आईच्या तोंडात घालतो, तो मात्र काहीच बोलत नाही. त्याने फक्त मला विचारलं, "मावशी, मी देतोय ते बरोबर ना?" हा एवढा प्रश्न ऐकल्यावर मी चष्मा पुसून वाचायला बसले.

आणि काय सांगू, त्या दोघांतलं कुणीच खोटं बोलत नाहीये! दोघांकडेही खऱ्या गोष्टीचा एकेक तुकडा आहे, पण जुना आणि अर्धा. इतिहास शिकवताना मुलं सनावळीला कंटाळायची. इथे मात्र सनावळ्या लावल्याशिवाय उलगडाच होत नाही.

आधी गोळीचं मूळ. अकिरा एंडो नावाचे जपानी शास्त्रज्ञ, उत्तर जपानातल्या शेतकरी घरातले. आळंबी आणि बुरशी यांची गोडी त्यांना लहानपणी आजोबांनी लावली. पुढे औषध कंपनीत लागल्यावर त्यांनी सहा हजारांहून अधिक बुरशा तपासल्या आणि 1973 साली त्यांना हवा तो पदार्थ सापडला, तो क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत. आपण बुरसटलेले तांदूळ नाक मुरडून टाकून देतो! यकृतात कोलेस्टेरॉल तयार होतं त्या कामाला हा पदार्थ लगाम घालतो, मग यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेऊ लागतं. या जातीचं पहिलं औषध, लोव्हास्टॅटिन, अमेरिकेत 1987 साली बाजारात आलं. एंडो 2024 साली नव्वदाव्या वर्षी गेले. आपल्याकडच्या किती वर्तमानपत्रांनी दखल घेतली, मला तरी दिसली नाही. असो.

हृदयासाठी ही गोळी काय करते याबद्दल आता वाद उरलेला नाही. 1994 साली स्कँडिनेव्हियातल्या 4444 हृदयरोग्यांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. पाच-साडेपाच वर्षांत खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी 256 दगावले, खरी घेणाऱ्यांपैकी 182. आमचे वडील 58 व्या वर्षी हृदयविकाराने गेले, तेव्हा हे काहीच नव्हतं. त्यामुळे हे आकडे मी दोनदा वाचले.

आता यात मेंदू कुठून आला? 1993 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या लोकांना असं आढळलं, की एपीओई नावाच्या जनुकाचा चार नंबरचा प्रकार ज्यांच्यात असतो त्यांना म्हातारपणी अल्झायमर होण्याचा धोका जास्त. आणि या जनुकाचं काम काय, तर शरीरात कोलेस्टेरॉलची ने-आण करणारं प्रथिन बनवणं! इथे सगळ्यांचे कान टवकारले. पुढच्याच वर्षी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातल्यावर त्यांच्या मेंदूत अल्झायमरसारखा अमायलॉइडचा साका दिसल्याचं प्रसिद्ध झालं. मग 2000 साली बार उडाला. एक अमेरिकेतला आणि एक ब्रिटनमधला, असे दोन अभ्यास आले. रुग्णालयांतल्या आणि डॉक्टरांकडच्या नोंदी चाळून त्यांनी दाखवलं, की स्टॅटिन घेणाऱ्यांत अल्झायमर किंवा स्मृतिभ्रंश फारच कमी आढळतो. ब्रिटनच्या अभ्यासात धोका सुमारे 70 टक्क्यांनी कमी दिसला होता. न्यू जर्सीवाल्याचे 70 टक्के ते हेच. लेकरा, तुझा आकडा खरा आहे, पण पंचवीस वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्याच्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं आहे.

या नोंदी चाळण्यातली मेख काय, ते शाळेतल्या उदाहरणाने सांगते. दरवर्षी माझ्या लक्षात यायचं, की ज्यांच्या वह्यांना नीट खाकी कव्हर घातलेलं असतं त्या मुलांना मार्क जास्त पडतात. अगदी हटकून. कुणी नोंदी चाळल्या असत्या तर "वहीला कव्हर घातल्याने मार्क 70 टक्के वाढतात" असा निष्कर्ष निघाला असता! पण कव्हर घातलेल्या वहीमागे कव्हर घालून देणारी आई असते, कव्हराला पैसे असलेलं घर असतं, दप्तर भरायची शिस्त असते. मार्क त्या सगळ्याचे. मागच्या बाकावरच्या आमच्या पोरांच्या वह्यांना मी स्वतः कव्हरं घालून दिली असती तर ती पास झाली असती का?

कोलेस्टेरॉलची गोळी वर्षानुवर्षं नियमित घेणारा माणूस हा असाच कव्हरवाला असतो. तो डॉक्टरकडे जातो, रक्त तपासतो, फिरायला जातो, बहुधा शिकलेला आणि बऱ्या परिस्थितीतला असतो. आणि याहून मोठी मेख म्हणजे, ज्याला विस्मरण सुरू झालंय तो गोळी घ्यायचंच विसरतो. त्याला नवीन गोळी सुरू करायला डॉक्टरही कचरतात. म्हणजे गोळी विस्मरणाला दूर ठेवते असं दिसतं, तेव्हा प्रत्यक्षात विस्मरण गोळीला दूर ठेवत असतं. हे मला उमगलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. आमच्या कामवाल्या मावशी भांडी टाकून बघायला आल्या.

मग खरं कसं कळणार? चिठ्ठ्या टाकून. कुणाला खरी गोळी, कुणाला खोटी, हे नशिबावर सोडायचं, म्हणजे कव्हरवाली आणि बिनकव्हरची मुलं दोन्ही गटांत सारखी विभागली जातात. ब्रिटनमध्ये अशी एक प्रचंड चाचणी झाली, 20,536 माणसांवर, पाच वर्षं. 2002 साली तिचे निकाल आले. हृदयाला फायदा चांगला. आणि स्मृतिभ्रंश? गोळीवाल्यांत 31 जणांना झाला, खोट्या गोळीवाल्यांतही 31 जणांना. एकतीसला एकतीस! त्याच वर्षी स्कॉटलंड, आयर्लंड आणि नेदरलँड्समधल्या 70 ते 82 वयाच्या 5804 जणांवरची चाचणी आली. प्राव्हास्टॅटिन देऊन स्मरणशक्तीत फरक नाही. चांगला नाही, आणि (पुण्याच्या भाचीने इथे लक्ष द्यावं) वाईटही नाही.

ही झाली आजार नसलेल्या लोकांची गोष्ट. आजार झालेल्यांना देऊन काही उपयोग? तेही करून झालंय. सौम्य ते मध्यम अल्झायमरच्या 640 रुग्णांना ॲटोरव्हास्टॅटिन, म्हणजे अक्काचंच औषध, 80 मिलिग्रॅमच्या भरभक्कम डोसमध्ये 72 आठवडे दिलं. 2010 चा निकाल: फायदा नाही. सिम्व्हास्टॅटिन देऊन 406 रुग्णांवर 18 महिने पाहिलं. 2011 चा निकाल: कोलेस्टेरॉल उतरलं, आजार आपल्या वेगाने चालतच राहिला. म्हणून डोस वाढवण्याचा विषय माझ्यापुरता इथे संपला. 81 वर्षांच्या बाईच्या स्नायूंना आणि यकृताला ज्यादा ओझं द्यायचं, ते कशाच्या आशेवर?

आता दुसरा पक्ष. याच्याकडे मी जास्त काळजीने बघते, कारण डोस वाढवायला डॉक्टरची चिठ्ठी लागते, बंद करायला कुणाचीच लागत नाही.

मेंदूत कोलेस्टेरॉल असतं हे शंभर टक्के खरं. वजनाने मेंदू शरीराच्या दोन टक्के, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त एकट्या मेंदूत असतं. पण फॉरवर्ड लिहिणारा पुढचं वाक्य गिळतो. रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत शिरत नाही. रक्तवाहिन्या आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक चौकीदार बसलेला असतो, तो येऊ देत नाही. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच्या घरीच करतो. रक्तातलं कमी झालं म्हणून मेंदूची हंडी रिकामी होत नाही. काही स्टॅटिन थोडीफार मेंदूत शिरतात हे खरं, सिम्व्हास्टॅटिन त्यातलं. प्राव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन पाण्यात विरघळणारी, ती तिथे फारशी पोचत नाहीत.

विस्मरणाची भीती हवेतून आलेली नाही, हेही सांगायला हवं. ड्युएन ग्रेव्हलाइन नावाचे अमेरिकन डॉक्टर होते, 1965 साली अंतराळवीर म्हणून निवड झालेले. 1999 साली ॲटोरव्हास्टॅटिन सुरू केल्यावर काही आठवड्यांत ते फिरून घरी आले ते बायकोलाच ओळखेनात! काही तासांनी भान आलं. पुन्हा गोळी सुरू केल्यावर पुन्हा तसंच झालं. गोळीनेच हे केलं अशी त्यांची खात्री झाली आणि त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. अशा तक्रारी साठत गेल्यावर 2012 साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी स्टॅटिनच्या माहितीपत्रकात सूचना घातली, की काहींना विसरल्यासारखं, गोंधळल्यासारखं होऊ शकतं, ते सहसा गंभीर नसतं आणि गोळी थांबवल्यावर जातं. लेकीने ग्रुपवर टाकली ती हीच सूचना. फक्त "थांबवल्यावर जातं" हा भाग कुणीतरी आधीच कापलेला होता. अल्झायमर थांबवल्यावर जात नाही. या दोन गोष्टी एक नव्हेत.

पुढे 2015 साली ब्रिटनमधल्या नोंदींवर एक अभ्यास झाला. स्टॅटिन नव्याने सुरू करणारे सुमारे 4 लाख 80 हजार लोक. पहिल्या महिन्यात त्यांच्यात अचानक विस्मरणाच्या तक्रारी खरंच जास्त निघाल्या. पण शहाणपणा असा, की कोलेस्टेरॉलची दुसऱ्याच जातीची औषधं सुरू करणाऱ्यांशीही त्यांनी तुलना केली. तिथेही तेवढ्याच निघाल्या! रासायनिकदृष्ट्या एकमेकांशी नातं नसलेली औषधं एकसारखं विस्मरण कसं घडवतील? बहुतेक नवीन गोळी सुरू झाली की माणूस स्वतःवर पहारा ठेवू लागतो. एरवी किल्ली सापडली नाही तर आपण किल्ली शोधतो, गोळी सुरू केल्यावर सापडली नाही तर गोळीला शोधतो. सत्तरीनंतर तर काय, मला स्वयंपाकघरात कशाला आले ते आठवत नाही हे मी साठीपासूनच ऐकवतेय.

ऑस्ट्रेलियात सिडनीमध्ये 70 ते 90 वयाच्या हजारावर लोकांना सहा वर्षं पाहिलं, वेळोवेळी स्मरणशक्तीची परीक्षा घेतली. 2019 चा निकाल: स्टॅटिन घेणारे आणि न घेणारे, दोघांच्या स्मरणशक्तीच्या घसरणीत फरक नाही.

आणखी एक फॉरवर्ड फिरतो, की ज्यांचं कोलेस्टेरॉल कमी त्यांनाच स्मृतिभ्रंश जास्त. हाही अर्धा खरा. हवाई बेटांवरच्या जपानी वंशाच्या पुरुषांची दशकानुदशकं नोंद ठेवली होती. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला त्यांचं कोलेस्टेरॉल निदानाच्या निदान 15 वर्षं आधीपासून उतरू लागलेलं होतं. म्हणजे आजाराची पावलं कितीतरी आधी घरात शिरलेली असतात, कोलेस्टेरॉल उतरणं हा त्यांचाच आवाज.

अक्काच्या बाबतीत माझं मत सरळ आहे. ती गोळी तिच्या हृदयासाठी आहे. हृदयात स्टेंट बसवलेल्या बाईची स्टॅटिन व्हॉट्सॲप वाचून बंद करणं म्हणजे आहे त्या विस्मरणावर पक्षाघाताचं निमंत्रण. एका छोट्या पक्षाघाताने तिचं उरलेलं चालणं-बोलणं जाईल, आणि ते पुण्याहून किंवा न्यू जर्सीहून निभावता येणार नाही, ते कोल्हापुरातल्या दोन खोल्यांत निभावावं लागेल. थोरल्या, तू देतोयस ते बरोबर आहे. आहे तो डोस, आहे तशी. फक्त रात्री ती गोळी उशीखाली लपवते म्हणालास, तर ॲटोरव्हास्टॅटिन दिवसा कधीही दिलं तरी चालतं, डॉक्टरांना विचारून सकाळच्या चहाबरोबर दे. (सगळ्या स्टॅटिनना हे लागू नाही, सिम्व्हास्टॅटिन रात्रीच द्यायचं असतं.)

एक वेळ अशी येईल की गोळी बंद करण्याचा विचार खरंच करावा लागेल. तेही बघून ठेवलंय. ज्यांचं आयुष्य थोडंच उरलं आहे अशा 381 रुग्णांवर अमेरिकेत चाचणी झाली, 2015 साली आली. निम्म्यांची स्टॅटिन थांबवली. मृत्यूंत लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही, उलट गोळी थांबवलेल्यांना थोडं बरं वाटत होतं. अन्न गिळणं अवघड होईल, अंथरूण धरलं जाईल, तेव्हा डॉक्टरांशी बसून तो निर्णय घेता येईल आणि त्यात पाप वाटून घ्यायचं कारण नाही. पण तो निर्णय कोल्हापूरच्या घरात होईल, ग्रुपवर नाही.

आता ज्यासाठी खरं तर मी लिहायला बसले ते. 2024 साली लॅन्सेटच्या समितीने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या कारणांची यादी वाढवली. आधी 12 होती, आता 14. ही सगळी कारणं हाताळता आली तर निम्म्याला थोडी कमी, सुमारे 45 टक्के प्रकरणं टळू किंवा लांबणीवर पडू शकतील असा त्यांचा अंदाज. नव्याने आलेल्या दोघांतलं एक म्हणजे उपचार न केलेली कमजोर नजर. आणि दुसरं? मध्यमवयातलं वाढलेलं एलडीएल, म्हणजे तेच वाईट कोलेस्टेरॉल!

मध्यमवयातलं. 81 व्या वर्षीचं नव्हे. त्या चाचण्या एकतीसला एकतीस का सुटल्या असतील, याचं एक उत्तर मला इथे दिसतं. दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री शिकवणी लावली तर निकाल काय बदलणार? आता पंचेचाळिशीत गोळी सुरू केली तर पंचाहत्तरीत अल्झायमर टळेल, असं चिठ्ठ्या टाकून सिद्ध करायचं तर तीस वर्षं लोकांना खोटी गोळी देत बसावं लागेल, ते कोण करणार? त्यामुळे तसा पुरावा मागू नका. पण वाढलेल्या एलडीएलने हृदय आणि रक्तवाहिन्या बिघडतात हे सिद्ध आहेच, त्यामुळे तेवढ्यासाठी ते आटोक्यात ठेवायचंच आहे. मेंदूचा फायदा झाला तर तो वरचा मसाला.

आणि म्हणून बाळांनो, मला हे भांडण मुळातच चुकीच्या माणसावरून चाललेलं वाटतं. आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. शंभरात सात-आठ. तुम्ही साठीला याल तेव्हा तो आकडा किती असेल ते गणित मला जमत नाही, मी मराठीची. पण तुमचे आजोबा 58 व्या वर्षी गेले, तुमच्या आईला सत्तरीत स्टेंट लागला, आता हा आजार. तुम्ही दोघं आईच्या गोळीवर रात्री दोनपर्यंत एकमेकांना उत्तरं लिहिता. न्यू जर्सीवाल्या, तू 49 चा. पुण्याची 52 ची. तुमचं एलडीएल किती आहे? मी फोनवर विचारलं तर एक म्हणाला "नॉर्मलच असेल गं", दुसरी म्हणाली "मागे कधीतरी केलं होतं". आईच्या रक्ताचे दहा वर्षांचे आकडे तुम्हाला तोंडपाठ आहेत!

त्या 14 कारणांतली कमी ऐकू येणं, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, सिगारेट ही सगळी याच वयातली कामं आहेत. बीपी वर्षातून एकदा तरी मोजायचं, ऐकायला कमी येतंय अशी बायको तक्रार करते तेव्हा तिच्याशी वाद घालण्यापूर्वी कान तपासून घ्यायचे. आणि लिपिड प्रोफाइल. त्याला आता बहुतेक वेळा उपाशी राहायचीही गरज पडत नाही म्हणे, फक्त लॅबला आधी विचारून घ्या. तेव्हा सकाळचा चहा चुकतो ही सबब चालणार नाही. रिपोर्ट आला की तो ग्रुपवर टाकू नका, आधी आपापल्या डॉक्टरांना दाखवा. मला फक्त आकडा कळवा, मी वहीत लिहून ठेवणार आहे. कव्हर घातलेल्या.